वेब डिझाइनचा पेपर, पाच जणांचा ग्रुप आणि वाचनालयाची साईट

अर्धविराम

तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला, प्रोजेक्टचं ब्लॅक बुक (म्हणजे छापील अहवाल) बाइंडिंग होऊन कॉलेजच्या कपाटात गेलं, म्हणून आता निवांत लिहितोय. बी.एस्सी. आयटी, कॉलेज कोकणातलं, नाव लिहीत नाही. इथे आयटीवाले पण आहेत आणि मास्तर मंडळी पण, त्यामुळे दोन्हीकडून ऐकायचंय.

कोर्स म्हणाल तर नेहमीचाच. एचटीएमएल, सीएसएस (पानाचे रंग आणि मांडणी), थोडं जावास्क्रिप्ट, मग पीएचपी (सर्व्हरवर चालणारा कोड) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस). प्रॅक्टिकल लॅबमध्ये, पेपर मात्र हाताने. फॉर्मचा कोड कागदावर लिहायचा, टॅग बंद नाही केला की मार्क कट, डिव्ह आणि स्पॅनमधला फरक पाच मार्कांना. यावर हसणारे खूप आहेत पण मी त्यांच्यात नाही, कारण बॉक्स मॉडेलचे चौकोन, म्हणजे आत कंटेंट मग पॅडिंग मग बॉर्डर मग मार्जिन, इतक्या वेळा काढले की पुढे एखादा डबा खाली का घसरला ते बघताक्षणी कळायला लागलं. कोर्सात नव्हतं ते म्हणजे गिट, कोडमध्ये कुणी कधी काय बदललं त्याची नोंद ठेवणारं. आणि मोबाईल. म्हणजे रिस्पॉन्सिव्ह (स्क्रीनच्या मापाप्रमाणे बदलणारं पान) हा शब्द होता, व्याख्या होती, पण लॅबमधल्या पीसीवर ब्राउझरची खिडकी लहान करून बघायची एवढंच.

प्रोजेक्टला बाकीच्या ग्रुपनी हॉस्पिटल मॅनेजमेंट, ऑनलाइन शॉपिंग वगैरे घेतलं. आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या की एक तरी खरा माणूस शोधून आणा ज्याला साईट हवी आहे. तर गावातलं सार्वजनिक वाचनालय मिळालं. सहा-सात हजार पुस्तकं, एक ग्रंथपाल बाई, एक शिपाई, आणि सगळा कारभार दाखल नोंदवहीत.

कामाची वाटणी सगळे करतात तशीच, पानांप्रमाणे. एकाला होमपेज, एकाला सभासद नोंदणी, एकीला पुस्तकांची यादी, एकाला आमच्याविषयी आणि संपर्क. पाचवा पवन (नाव बदललंय), त्याला कोडिंग फारसं जमत नव्हतं म्हणून त्याला "डेटा". मग सगळं पेनड्राइव्हवर गोळा केलं तर चार पानांना चार हेडर आणि निळा रंग चार प्रकारचा. एकाने बूटस्ट्रॅप (तयार डिझाइनचा संच) ३ वापरलेलं, एकीने ५, दोन्ही एकाच साईटवर लोड झाल्यावर मोबाईलचा मेनू उघडेचना, कारण ५ मध्ये त्या बटणाच्या ॲट्रिब्यूटचं नावच बदललंय. ते कळेपर्यंत जो तो आपल्या सीएसएसमध्ये इम्पॉर्टंट (म्हणजे माझाच नियम चालवा) लावत सुटला आणि मग कुठला नियम कुणाला दाबतोय हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

पण खरा झटका वाचनालयात. होमपेजवर मोठा स्लायडर, त्यात नेटवरून घेतलेले परदेशी लायब्ररीचे फोटो. ग्रंथपाल बाईंनी स्वतःच्या फोनवर उघडलं, दोनदा वर-खाली केलं आणि विचारलं, "पुस्तक आत आहे की बाहेर गेलंय, ते कुठे दिसतं?" कुठेच दिसत नव्हतं. लोक फोन करून एवढंच विचारतात म्हणे, अमुक पुस्तक आहे का, आणि असलं तर आत आहे का.

तिथून पुढे प्रोजेक्ट उलटाच झाला. स्लायडर गेला, होमपेजवर एक शोधायची चौकट आली, आणि अचानक सगळ्यात महत्त्वाचा माणूस पवन झाला. कारण शोधायचं कशात, तर त्याने टाईप केलेल्या यादीत. नोंदवही तीन-चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, जुन्या नोंदींत लेखकाचं फक्त आडनाव, एकच पुस्तक तीन दाखल क्रमांकांवर, काही रद्द झालेली पण खोडलेली नाहीत. तो बाईंच्या शेजारी बसून एकेक ओळ विचारून भरायचा.

आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, तुझं मोड्यूल कोणतं? डेटा एंट्री, सर. कोड दाखव. कोड नाही. आमच्यात सगळ्यात कमी मार्क त्याला. मॅडमनी सांगून बघितलं पण शीटवर "कोडिंग", "डिझाइन", "डॉक्युमेंटेशन", "प्रेझेंटेशन" असेच रकाने होते, यादी तयार करण्याला रकानाच नाही.

मला एवढंच म्हणायचंय की वेब डिझाइन शिकवताना पानं शिकवतात, पण पानावर जे असतं ते कुठून येतं आणि कोण आणतं हे कुणाच्याच हिशेबात नाही. तुमच्याकडे कसं होतं / आहे? आणि साईट पुढे चालू कशी ठेवायची यावर पण सल्ला हवाय, ते सविस्तर खाली विचारतो.

जुनी_खिडकी

वाचून जुने दिवस आठवले. आम्ही २००२-०३ च्या सुमाराला शिकलो. फ्रंटपेज आणि ड्रीमवीव्हर, लेआउट सगळा टेबलांचा, टेबलात टेबल, त्यात एक पिक्सेलची पारदर्शक जिफ जागा भरायला. खाली पट्टीवर लिहायचं की ही साईट ८०० बाय ६०० मध्ये उत्तम दिसते. म्हणजे वाचणाऱ्यानेच आपला मॉनिटर आमच्या सोयीने लावायचा! सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्येच आली होती, पण आमच्या सरांच्या वहीत पोचली नव्हती.

मराठी साईट असेल तर विचारूच नका. शिवाजी फाँट, श्रीलिपी, कृतिदेव, ज्याचा त्याचा फाँट वेगळा. वर ठळक सूचना, आधी फाँट डाउनलोड करा. फाँट नसला तर पानभर रोमन अक्षरांची खिचडी. गूगलवर शोधलं तर काही सापडायचं नाही कारण मजकूर मराठी नव्हताच, नुसता मराठी दिसायचा. त्या मानाने तुम्ही सुखी आहात.

रच्याकने (बाय द वे), पवनला माझ्याकडून चहा. आम्ही ज्या कंपनीत पहिली साईट केली तिथे लाँच अडकलं होतं ते कोडमुळे नाही, "मजकूर येतोय" म्हणून. पुढे सगळीकडे तेच बघितलं.

मृ_शा

+१. वाचतेय.

खडूफळा

मास्तर मंडळीतली एक मी. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या विद्यापीठात, पण चित्र तेच. थोडी आमची बाजू.

एका बॅचला साठ-सत्तर मुलं, ग्रुप पंधरा, व्हायवा दोन दिवसांत उरकायची. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला प्रत्येक ग्रुपमागे काही मिनिटं मिळतात, त्यात तो "कोड दाखव" याशिवाय काय विचारणार? रकाने बदलायला हवेत हे मान्य, पण रकाने बदलले की पहिला आक्षेप मुलांचाच येतो, की मॅडम आम्ही रात्र रात्र जागून कोड लिहिला आणि यादी टाईप करणाऱ्याला तेवढेच मार्क? तुमच्याच ग्रुपमधल्या बाकीच्यांना विचारून बघा.

मी दोन वर्षं गिट सक्तीचं केलंय, कमिट (गिटमधली प्रत्येक बदलाची नोंद) बघून मार्क द्यायचे म्हणून. पहिल्याच वर्षी कळलं की कमिट पण खोटं बोलतात. ग्रुपमध्ये चांगला लॅपटॉप एकाकडेच, चौघं त्याच्या शेजारी बसून सांगणार आणि कमिट पडणार त्याच्याच नावावर. एक मुलगी तर पूर्ण लॉजिक वहीत लिहून आणायची, टाईप दुसराच करायचा. आता मी कमिट बघते पण त्यावर मार्क देत नाही, त्यावरून प्रश्न विचारते. ही ओळ कुणाची कल्पना होती, आधी काय होतं, का बदललं. खरं काम केलेला माणूस तिथे थांबत नाही, सांगतच सुटतो.

पानांप्रमाणे वाटणीबद्दल शंभर टक्के सहमत. मी आता ते करूच देत नाही. आधी एकच पान सगळ्यांनी मिळून, म्हणजे हेडर, रंग, फाँट, बटणं ठरतात, आणि मग कामाप्रमाणे वाटणी. "सभासदाला पुस्तक शोधता आलं पाहिजे" हे एका जोडीचं काम, त्यात स्क्रीन पण आली, क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) पण आणि यादी पण.

टिकली_ते_लाईव्ह

एवढं सगळं कशाला? एआयला सांगा, पाच मिनिटांत वाचनालयाची साईट देतो. हे कोर्सच बंद करा.

खडूफळा

@टिकली, देतो ना. सुंदर स्लायडर देतो, परदेशी लायब्ररीच्या फोटोसकट. :) पुस्तक आत आहे की बाहेर ते त्याला कोण सांगणार?

टिकली_ते_लाईव्ह

बरं बाई. हरलो.

अर्धविराम

@खडूफळा, आमच्या ग्रुपमध्ये विचारलं होतं. दोघांचं म्हणणं खरंच तसंच होतं, त्याला कमी मिळाले ते बरोबर. भांडण नाही झालं पण व्हॉट्सॲप ग्रुप तेव्हापासून शांत आहे.

आता जाणकारांसाठी प्रश्न. शोध चालतो, पण काही शब्द सापडतच नाहीत. उदा. शीर्षकात "दुसऱ्या" आहे, मी टाईप केलं "दुसर्‍या", दिसायला सारखंच, पण रिकामं उत्तर. "वाऱ्या", "कोपऱ्यात", "शेतकऱ्यांचा" सगळीकडे हेच. पवनने काही लॅबमध्ये टाईप केलं, काही स्वतःच्या फोनवर.

शून्य_रुंदी

आहाहा, माझा आवडता विषय. लॅबमधल्या आणि फोनवरच्या कीबोर्डने वेगवेगळी अक्षरं टाकलीयत, डोळ्यांना सारखी दिसली तरी.

एका पद्धतीत साधा र, मग हलन्त, मग एक शून्य रुंदीचं न दिसणारं जोडचिन्ह (युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, २००डी), मग य. दुसऱ्या पद्धतीत युनिकोडमधला स्वतंत्र ऱ (०९३१), मग हलन्त, मग य. दोन्हीकडून तोच अर्धा र उमटतो पण डेटाबेसच्या लेखी दोन वेगळे शब्द. त्यात तिसरा प्रकार, र ला खाली नुक्ता (टिंब) जोडून केलेला. जावास्क्रिप्टमध्ये अक्षरं एकसारखी करणारी नॉर्मलाइझ नावाची सोय आहे, तिला एनएफसी हा प्रकार सांगितला की नुक्त्याचा प्रकार ऱ मध्ये जातो, पण न दिसणाऱ्या जोडचिन्हाला ती हात लावत नाही. ते स्वतः करायला लागेल: र, हलन्त, जोडचिन्ह असं जिथे दिसेल तिथे ऱ आणि हलन्त. यादीवर एकदा चालवा आणि शोधायच्या चौकटीत जे टाईप होतं त्यावर दर वेळी. दोन्हीकडे केलं तरच उपयोग.

तसंच ॲ चं. मराठीचा ॲ युनिकोडमध्ये २००८ ला आला, त्याआधी लोक ऍ वापरायचे आणि काही कीबोर्ड अजून तोच देतात. "ॲडव्होकेट" शोधून बघा, मजा येईल. आकड्यांचं पण बघा, दाखल क्रमांक काही ठिकाणी देवनागरी आणि काही ठिकाणी इंग्रजी आकड्यांत असणार.

यादी अकारविल्हे लावताना पण गंमत आहे. नुसतं सॉर्ट केलं तर युनिकोडच्या क्रमाने लागते, त्यात ळ येतो ल आणि व च्या मध्ये आणि क्ष जातो क च्या पोटात. तुमच्या ग्रंथपाल बाईंची यादी तशी नसणार, त्यांना विचारा क्ष कुठे लावतात. प्रत्येक ग्रंथालयात उत्तर एकच येईल याची खात्री नको.

आणि हो, चार पानांना चार हेडर म्हणालात तिथे इंग्रजी टेम्प्लेटमधलं लेटर-स्पेसिंग राहिलंय का बघा. देवनागरीत ते दिलं की शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट पण इंग्रजीपुरतीच आखडून ठेवलेली असते, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. एचटीएमएल टॅगवर भाषा मराठी म्हणून सांगा, ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेत तिथे ते आपोआप येतात.

अर्धविराम

दंडवत घ्या. जोडचिन्हाचं करून बघितलं आणि "शेतकऱ्यांचा" पटकन आलं. बाईंना क्ष चं विचारलं तर म्हणाल्या, शेवटी, ज्ञ च्या आधी, पण जुन्या छापील यादीत क मध्येच आहे. आता दोन्ही.

हे आम्हाला कोर्समध्ये का नव्हतं? कॅरॅक्टर एन्कोडिंगवर एक ओळ होती, मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८ लिहा. बस.

जुनी_खिडकी

एवढी ओळ तरी होती. आम्ही डेटाबेसमध्ये मराठी टाकायचो आणि बाहेर निघायची प्रश्नचिन्हं. मायएसक्यूएलचं मूळ सेटिंग लॅटिन-१ असायचं, त्यात देवनागरी बसत नाही, ८.० पासून ते यूटीएफ८एमबी४ झालं, त्यात बसते.

श्वेतपट

एक वेगळा मुद्दा. माझा भाऊ जन्मापासून दृष्टिहीन आहे, पीसीवर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक वापरतो, दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारे. कॉलेजच्या पोरांनी केलेल्या साईट त्याच्या सोबतीने बऱ्याच बघितल्या आहेत. स्लायडर गेला हे वाचून आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या, कारण स्क्रीन रीडरला स्लायडर म्हणजे "इमेज, इमेज, बटण, बटण" एवढंच.

फॉर्मचं बघा. सभासद नोंदणीत चौकटीच्या आत फिकट अक्षरात "नाव" लिहिलेलं असतं, पण खरं लेबल नसतं. टाईप करायला लागलं की ते फिकट अक्षर गायब, आणि मग डोळस माणसालाही कळत नाही की आपण कुठे काय भरतोय. फिकटपणाचं माप पण ठरलेलं आहे, डब्ल्यूसीएजीच्या (साईट सगळ्यांना वापरता यावी म्हणूनचे नियम) एए पातळीला साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १. पांढऱ्यावर ९९९ कोडचा करडा रंग, जो सगळ्यांना "क्लासी" वाटतो, तो ३ ला पण पोचत नाही. वाचनालयाचे सभासद बहुतेक साठीच्या पुढचे असतील ना? त्यांना पण हेच लागू.

अर्धविराम

हो, सकाळी येणारे सगळे आजोबाच. लेबलं आज रात्री घालतो. करडा रंग होमपेजवाल्याचा लाडका आहे, त्याच्याशी बोलावं लागेल.

रोटरडॅमची_राणी

मी इकडे नेदरलँड्सला मास्टर्स करताना असाच ग्रुप प्रोजेक्ट केला. पहिल्या आठवड्यात कागदावर करार, कोण काय करणार, कोण आलं नाही तर काय, आणि शेवटी प्रत्येकाने बाकीच्यांना गुप्तपणे मार्क द्यायचे. ऐकायला भारी. प्रत्यक्षात आमच्या ग्रुपमध्ये दोघं एकाच देशाचे होते, त्यांनी एकमेकांना पूर्ण दिले आणि जो सगळ्यांना कामाची आठवण करून द्यायचा त्याला सगळ्यांनी कमी. त्यामुळे "बाहेर असं नसतं हो" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

एक गोष्ट मात्र आवडली, डेमोला आम्ही माउसला हात लावायचा नाही. बाहेरच्या कुणाला तरी बसवायचं, एक काम सांगायचं आणि गप्प बसून बघायचं. तुमच्या ग्रंथपाल बाईंनी तेच केलं, फुकटात.

खडूफळा

हे चोरतेय. पुढच्या व्हायवाला परीक्षकांनाच बसवते, "सर, हे पुस्तक आत आहे का सांगा".

अर्धविराम

धन्स सगळ्यांना. आता शेवटचा प्रश्न जो वर म्हणालो होतो. साईट सध्या फुकटच्या पीएचपी होस्टिंगवर आहे, मधूनमधून बंद पडते. आम्ही पाचही जण इकडे तिकडे पांगणार. वाचनालय सरकारी वर्गवारीत ब वर्गात आहे, अनुदान येतं पण त्यातून होस्टिंगचे पैसे दर वर्षी कोण मागणार आणि पासवर्ड कुणाकडे राहणार? मी गिटहब पेजेसचा (फुकट साईट ठेवायची जागा) विचार केला पण तिथे पीएचपी चालत नाही.

शून्य_रुंदी

पीएचपी काढून टाका, हाकानाका. सहा-सात हजार पुस्तकांना डेटाबेस हवाच असं नाही. शीर्षक, लेखक, दाखल क्रमांक, आत की बाहेर, एवढंच असेल तर देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट धरलं तरी सगळी यादी दीड-दोन एमबीत बसते आणि गिटहब ती दाबून पाठवतं त्यामुळे प्रत्यक्षात बरीच कमी जाते. जेसन फाइल (साधी मजकुराची यादी) करा, शोध ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टने. सभासद नोंदणी बंद करा, आजोबा तसेही वाचनालयात येऊनच फॉर्म भरणार आणि लोकांचे फोन नंबर फुकटच्या सर्व्हरवर ठेवू पण नयेत.

आत-बाहेर रोज बदलणार तेवढं फक्त बाईंच्या हातात द्या. एक शीट, त्यात दाखल क्रमांक आणि एक रकाना. साईटने तिथून वाचायचं.

अर्धविराम

शीट बाईंना जमेल का हीच शंका होती. पवनला फोन केला तर तो म्हणाला की त्याने यादी शीटमध्येच भरली होती आणि बाई गेले दोन महिने त्यातच आत-बाहेरची खूण करतायत, त्याने शिकवलंय. आम्हा चौघांना पत्ताच नाही! आम्ही त्यातून एकदा फाइल काढून डेटाबेसमध्ये टाकली आणि विसरलो, म्हणजे साईटवर जुनं आणि शीटमध्ये ताजं.

खडूफळा

मार्कशीट बदलता येत नाही, पण त्याला म्हणावं हे बायोडेटात लिही. "डेटा एंट्री" असं लिहू नकोस म्हणावं. वाचनालयाची यादी तयार केली, साफ केली आणि ती रोज चालू राहील अशी व्यवस्था लावली, असं लिही.

सातपुडा_लायब्ररी

उशिरा आलो धाग्यावर. आमच्या गावच्या वाचनालयाची यादी २००६ साली कुणीतरी श्रीलिपीत टाईप करून ठेवलीय, वर्डच्या फाइल आहेत. ती तुमच्या साईटला लावता येईल का? कोड द्याल का?

अर्धविराम

कोड देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. साईट जेसनवर हलवली की साफ करून टाकतो, आठवडाभर द्या.

शून्य_रुंदी

@सातपुडा, आधी यादी युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण फाइल कुठल्या फाँटमध्ये आहे ते नक्की बघा, श्रीलिपीत पण प्रकार आहेत. सगळी यादी एकदम टाकू नका. ऱ्य, ऱ्ह, क्ष, ज्ञ, ॲ असलेली वीस-पंचवीस शीर्षकं निवडून तेवढीच बदलून बघा, रफार आणि पहिली वेलांटी जागेवर येते का ते पण. आणि तपासायला असा कुणीतरी घ्या ज्याने ती पुस्तकं हातात धरली आहेत.

सातपुडा_लायब्ररी

आमचे शिपाईकाका आहेत, त्यांना कपाटासकट पाठ आहेत. त्यांनाच बसवतो.